निकालावर बंद

रुजू होऊन चौथा दिवस होता. अपील शाखेच्या भाऊसाहेबांनी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर फायलींचा गठ्ठा आणून ठेवला, वरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाले, "मॅडम, ही सगळी निकालावर बंद आहेत. मागच्या साहेबांनी ऐकून घेतलीयेत. मसुदे लावून ठेवलेत. फक्त सह्या राहिल्यात."

सदतीस प्रकरणं होती.

महसुली न्यायालयात 'निकालावर बंद' म्हणजे दोन्ही बाजूंचं बोलून झालं, लेखी युक्तिवाद आले, आता पुढची तारीख पडणार नाही. आता फक्त अधिकाऱ्याने ठरवायचं. रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं ते टिपतात त्या कागदाच्या, शेवटच्या ओळीत हे शब्द येतात आणि फाईल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते. मला हा शब्दप्रयोग पहिल्यापासून गमतीचा वाटत आलाय. निकाल अजून लागायचाय, आणि दार मात्र आधीच लावून घेतलेलं.

मी मूळची वकील. तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं काळा कोट घालून उभी राहिले, मग राज्यसेवेची परीक्षा दिली, आधी तहसीलदार, मग उपजिल्हाधिकारी झाले आणि यथावकाश उपविभागीय अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली. ज्या पदाला गावाकडे अजून 'प्रांत' म्हणतात तेच हे. प्रांत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते बंदोबस्त, निवडणूक, भूसंपादन, जातीचे दाखले, पूर आला की बोटी. आठवड्यातले दोन दिवस हीच बाई एका उंच खुर्चीत बसून अपिलं ऐकते, हे बऱ्याच जणांना अपील करायची वेळ येईपर्यंत माहीत नसतं.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २४७ खाली अपिलाची उतरंड आहे. जमिनीवर कुणाचं नाव लागलं याची नोंद तलाठी घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. ज्याला ते पटत नाही तो प्रांताकडे येतो. प्रांताचं पटलं नाही की जिल्ह्याला, तिथून विभागीय आयुक्तांकडे, आणि तिथेही मन भरलं नाही तर पुनरीक्षणासाठी थेट मंत्रालयात. दिवाणी कोर्टाचा रस्ता वेगळाच. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांची नोंद सगळ्या पायऱ्या चढून परत खाली माझ्याच टेबलावर आली होती, आणि दरम्यान ज्याने अर्ज केला तो वारला म्हणून त्याच्या मुलांची नावं लाल शाईने अर्जावर चढली होती.

त्या सदतीसपैकी बावीस मसुद्यांवर मी सह्या केल्या. अगदी डोळे मिटून केल्या असं नाही. फाईल उघडली, मसुदा वाचला, कागदांशी ताडून पाहिला. उरलेल्या पंधरांत काही ना काही खटकलं, ती परत पाठवली. मनात म्हटलं, चला, पहिल्याच आठवड्यात बावीस निपटारे. महिन्याच्या बैठकीत प्रलंबित प्रकरणांचा तक्ता दाखवतात. त्यात माझ्या रकान्यातला आकडा उतरलेला दिसणार होता, आणि तो तसा दिसलाही.

दीड महिन्याने एक म्हातारी माझ्या दालनाच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माझ्या आदेशाची नक्कल. शिपायाने आत सोडलं. मला वाटलं निराधार योजनेचं काही असेल.

तिने नक्कल टेबलावर ठेवली, शेवटच्या पानावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही सही तुमचीच का?"

म्हटलं, "हो, मावशी."

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी तर तुम्हाला आजच बघतीय."

बस, एवढंच बोलली. रागावली नाही, रडली नाही. मी तिला सांगितलं की आदेश झाला, आता माझ्या हातात काही नाही, वर अपील करा, मुदतीत करा. तिने मान हलवली आणि नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. ती गेल्यावर मी ती फाईल मागवली.

आता इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. विधी महाविद्यालयात प्रशासकीय कायद्याच्या पेपरात मी ज्या निकालावर पान भरून लिहिलं होतं, तो नेमका हाच होता. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांचा खटला, सर्वोच्च न्यायालय, १९५८. आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावर हरकती आल्या. हरकतदारांना ऐकलं सचिवांनी आणि आदेश दिला मुख्यमंत्र्यांनी. न्यायालय म्हणालं, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असेल तर ती सुनावणी म्हणजे रिकामा सोपस्कार. परीक्षेत हे लिहून मी गुण मिळवले. खुर्चीत बसल्यावर चौथ्या दिवशी तेच बावीस वेळा केलं. आणि करताना मला गुल्लापल्ली आठवलेसुद्धा नाहीत. आठवला तो प्रलंबित प्रकरणांचा तक्ता.

लोकांना वाटतं अशा पदावर चुका लाचेने होतात, दबावाने होतात. होतात, नाही असं नाही. फोन येतात. 'जरा लक्ष द्या' हे तीन शब्द तर या नोकरीत कुणीही शिकवल्याशिवाय कळतात. कुठल्या बाजूला लक्ष द्यायचं ते फोन करणारा कधीच सांगत नाही, कारण तेवढं आपल्याला आधीच ठाऊक असतं असं तो गृहीत धरून चालतो. पण अशा फोनला नाही म्हणायला निदान समोर कुणीतरी असतं. कारकुनी सवयीला नाही म्हणायला समोर कुणीच नसतं. मसुदा टंकलेला असतो, भाषा बिनचूक असते, भाऊसाहेबांचा हात पेन पुढे करत असतो.

त्या बाईचं प्रकरण तसं साधं होतं. वडील १९९१ साली गेले. वारस नोंदीत आई आणि दोन भावांची नावं लागली. हिचं नाव नाही. अशा नोंदी आमच्याकडे पोत्याने सापडतील. त्या काळी पुष्कळ गावांत बहिणींची नावं घातलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात घालत, म्हणजे सातबाऱ्यावर त्या असायच्या, पण बोजा आणि विहिरीच्या हिश्शाच्या शेजारी. हिचं तर तिथेही नव्हतं. सव्वीस वर्षांनी हिने अपील केलं. मागच्या साहेबांनी ऐकलं, आणि मसुदा निघाला तो असा: 'अपीलार्थी यांनी विलंब क्षमापित करण्यासाठी दिलेले कारण पुरेसे व समाधानकारक दिसून येत नाही. सबब अपील अमान्य करण्यात येते.'

विलंब हा आमच्या कामातला फार मोठा प्रांत आहे, म्हणजे प्रांताहून मोठा. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाला ६० दिवस, एरवी ९०. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते. म्हणून प्रत्येक विलंबमाफीच्या अर्जात एक ठरलेलं वाक्य असतं: 'कर्जासाठी सातबारा काढला असता सदर बाब प्रथमच निदर्शनास आली.' आणि ही बाब निदर्शनास येण्याचा दिवस मोजून अपिलाच्या आधीच्या साठ दिवसांतला असतो. वीस-वीस वर्षं कुणी सातबारा काढलेला नसतो, आणि मग वकीलपत्र लिहायच्या महिनाभर आधी अचानक सगळ्यांना कर्ज हवं असतं. वकिली करत होते तेव्हा हे वाक्य मी स्वतः टंकून घेतलेलं आहे, त्यामुळे हसायचा हक्क मला थोडा कमी आहे.

पण या वाक्याला कंटाळून आपण दुसऱ्या टोकाला जातो. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कातीजी प्रकरणात सांगितलं की विलंबाच्या प्रश्नात हात आखडता घेऊ नका, गुणदोषांवर निकाल व्हावा हे जास्त महत्त्वाचं. त्या प्रकरणात उशीर झाला होता तो चार दिवसांचा, आणि उशीर करणारं होतं सरकार. सरकारला चार दिवस माफ होतात. बाईची सव्वीस वर्षं माफ होतील का, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. ती सव्वीस वर्षं कशी गेली ते ऐकावं लागतं. आणि ते ऐकलं होतं दुसऱ्याने, जो आता दुसऱ्या जिल्ह्यात होता. त्याने काय ऐकलं याचं फाईलमध्ये एवढंच होतं: 'उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला.'

बाई वर गेली. वर्षभराने अपर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला. माझा आदेश रद्द, प्रकरण पुन्हा चौकशी करून निर्णय घेण्यासाठी परत. कारण एकाच परिच्छेदात होतं. ज्याने ऐकलं त्याने ठरवलं नाही, ज्याने ठरवलं त्याने ऐकलं नाही. निकालपत्रात कुणाचं नाव घेतलेलं नसतं, पदनाम असतं. तरी तो परिच्छेद मी दालनाचं दार लावून वाचला.

पुन्हा सुनावणी लागली तेव्हा मी ठरवलं की हे प्रकरण चारनंतरच्या घाईत घ्यायचं नाही. आमच्या सुनावण्यांचं वेळापत्रक म्हणजे एक विनोद आहे. दुपारी दोनची वेळ बोर्डावर लावलेली असते. दोन वाजता व्हिडिओ कॉन्फरन्स लागते. ती संपेपर्यंत साडेतीन. तोवर बाहेरच्या बाकांवर लोक बसलेले असतात. एसटीने आलेले, मजुरी बुडवून आलेले, एकमेकांविरुद्ध भांडणारे पण एकाच गावच्या एकाच गाडीने परत जाणारे. शिपाई पुकारा करतो. एक वकील हजर, दुसरे 'सिव्हिल कोर्टात अडकलेत मॅडम'. तारीख. पुढचं प्रकरण. असे दिवस मी दिलेत, आणि हे लिहिताना मला त्यांचा अभिमान नाही.

त्या दिवशी मात्र सकाळी अकराला घेतलं. भावाचे वकील चांगले तयारीचे होते. त्यांचा मुद्दा असा की मुलींना जन्माने हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्ये दुरुस्ती केली होती, पण वडील तर १९९१ लाच गेले. शिवाय वडील हयात असतील तरच मुलीला २००५ चा लाभ, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकालही त्यांनी पुढे ठेवला. तेव्हा तो निकाल लागू होताच. वडील हयात असण्याची गरज नाही हे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला ठरलं, तेव्हा माझा आदेश होऊन गेला होता.

ऐकायला मुद्दा भक्कम वाटत होता. पण त्यात एक पळवाट होती, आणि ती आपल्या समाजाने पन्नास-साठ वर्षं मजेत वापरलीय. मुलगी वडिलांच्या मिळकतीत वारस झाली ती २००५ साली नव्हे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलाच्या शेजारी, त्याच ओळीत. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तिला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा नव्हता हे खरं. पण वडील वारले की त्यांचा स्वतःचा म्हणून जो वाटा काढायचा, त्यात ती होतीच. १९९१ साली तिचं नाव वारस नोंदीत घ्यायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नव्हती. तलाठ्याने घेतलं नाही कारण कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही कारण तसं सांगायची पद्धत नव्हती. इतकं सरळ.

मग मी तिला विचारलं, मावशी, एवढी वर्षं का थांबलात?

तिचे वकील घाईने उठून म्हणाले, "मॅडम, कर्जासाठी सातबारा..." मी त्यांना हाताने बसवलं.

ती म्हणाली, "आई होती तवर विचारायचं काम नव्हतं. आई गेली. मग धाकल्या भावाच्या लेकीचं लगीन होतं, त्यात कशाला. मग मोठा आजारी पडला." जरा थांबली. "आन विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं. आता तुटायचं काय राहिलंय?"

विलंबमाफीच्या अर्जात यातलं एक अक्षर नव्हतं. कायद्यातलं 'पुरेसं कारण' कुठलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा माणसाच्या आवाजात ऐकू आलं. आधीचे साहेबही कदाचित हेच ऐकून घेऊन गेले असतील. त्यांना ते पुरेसं वाटलं नसेल, किंवा वाटलंही असेल आणि मसुदा करणाऱ्याने नेहमीचं वाक्य चिकटवलं असेल. फाईल सांगत नाही.

भाऊ समोरच्या बाजूला उभा होता. त्याला काही सांगायचंय का विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तिने माझ्याकडं मागितलं असतं तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून खाली बघत राहिला. 'साहेब' म्हणाला, 'मॅडम' नाही. गावाकडच्या पुरुषांची ही सवय, घाबरले की खुर्चीला साहेब म्हणतात.

विलंब माफ केला, नोंदीत तिचं नाव लावायचा आदेश दिला. आणि आदेश लिहायला बसले तेव्हा आठ दिवस गेले.

आमचे आदेश एका साच्यात असतात. वर 'वाचले', मग एक, दोन, तीन. मग अपीलार्थीचं म्हणणं, जाबदेणारांचं म्हणणं, आणि मग ते वाक्य: 'दाखल कागदपत्रांचे व उभय पक्षांच्या युक्तिवादाचे अवलोकन करता...' या वाक्यापाशी बहुतेक आदेश विचार करणं थांबवतात. अवलोकन केलं, आणि पुढच्याच ओळीत अपील अमान्य. मधला पूलच नाही. कशामुळे अमान्य? कुठला कागद मानला, कुठला नाही, आणि का? १९७६ मध्ये सीमेन्स कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीश नसून निकाल देणाऱ्या, अधिकाऱ्याने कारणं द्यायलाच हवीत आणि ती दाखवण्यापुरती नकोत. पुढे २०१० मध्ये क्रांती असोसिएट्सच्या निकालात तर कारणं का द्यायची याची मोठी यादीच दिली. पण मला सगळ्यात आवडतो तो १९५१ चा जुना निकाल, अंधेरीतल्या एका सिनेमागृहाच्या परवानगीवरून मुंबईच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध गेलेला. त्यात न्यायालय म्हणालं, आदेशाचा अर्थ आदेशातल्या शब्दांवरूनच लावायचा. माझ्या मनात तेव्हा अमुक होतं, हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही.

हे वाचताना सोपं वाटतं. लिहायला बसलं की कळतं की मनात जे असतं त्यातलं निम्मं कागदावर उतरवायच्या लायकीचं नसतं. 'हा माणूस खोटं बोलतोय असं मला वाटलं' हे कारण नव्हे. 'मला त्या म्हातारीची दया आली' हे तर नव्हेच. मग उरतं ते कलम, तारीख आणि कागद. कारण लिहिता लिहिता कधीकधी निकालच फिरतो, कारण मनात जे पक्कं वाटत होतं त्याला वाक्यच सापडत नाही. दोनदा माझ्या बाबतीत असं झालंय. दोन्ही वेळा मी फाईल घेऊन रात्री घरी बसले होते आणि सकाळी उलट आदेश लिहिला.

या प्रकरणात तसं झालं नाही, पण एक गोष्ट लिहिताना बोचत होती. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन मिळाली असं नाही. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते. तिने मालकी येतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालय १९९६ पासून पुन्हा पुन्हा सांगत आलंय. खरा वाटा मागायचा तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. म्हणजे सव्वीस वर्षांचा विलंब, दोन सुनावण्या, एक अपील, एवढं करून मी तिला दिलं काय, तर एका रकान्यात तिचं नाव. लोक ते नाव मिळवायला आयुष्य घालवतात. कारण कायदा काहीही म्हणो, बँक तेच बघते, सोसायटी तेच बघते, गाव तेच बघतं. नकाराधिकार तर त्यातच असतो. नाव असलेल्याची सही लागल्याशिवाय जमीन विकायला निघत नाही.

मध्येच सांगते, सगळीच प्रकरणं अशी भारी नसतात. बरीचशी बांधाची असतात. तीन आर इकडे, दोन आर तिकडे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, त्याखाली अडवलेल्या रस्त्याचे आणि पाण्याचे वाद तहसीलदार ऐकतो. मी आधी तहसीलदार होते, तेव्हा स्थळ पाहणीला जायचे. चिखलातून चालत गेलं की दोन्ही पक्षांच्या घरून चहा तयार असतो. एकाचा घेतला तर दुसरा म्हणतो मॅडम तिकडच्या झाल्या. दोघांचा घेतला तर पित्त. नाही घेतला तर दोघेही म्हणतात बाई गर्विष्ठ आहे. मी थर्मासमधून स्वतःचं पाणी प्यायचे आणि भर उन्हात सगळ्यांना तसंच कोरडं उभं करायचे. क्रायपाक प्रकरणात (१९६९) एक वनाधिकारी स्वतः उमेदवार असताना निवड मंडळावर बसला होता. स्वतःच्या नावाची चर्चा आली की तो उठून बाहेर जायचा, प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी मात्र बसायचा. न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात झाला की नाही यापेक्षा तो होण्याची वाजवी शक्यता होती का, हे बघितलं. तेव्हा चहाचा कप ही काही लहान वस्तू नाही.

आणि मोजणी झाली, खुणा गाडल्या, निकाल दिला, तरी पुढच्या पेरणीला बांध परत दीड हात सरकलेला असायचा. ते चालायचंच.

म्हातारीची पुढची भेट झाली ती फेरफार अदालतीत. मंडळाच्या गावी एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून प्रलंबित नोंदी निकाली काढत होतो. ती आणि तिचा भाऊ, दोघं एकाच रांगेत. मला वाटलं भावाने वरती अपील केलं असेल, काहीतरी नवं निघालं असेल. मंडळ अधिकाऱ्याने नोंद माझ्यापुढे धरली. हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. तिने आपला सगळा हिस्सा भावांच्या नावे विनामोबदला सोडला होता.

प्रमाणित करायचं काम माझं नव्हतं. तरी मी तिला बाजूला बोलावलं. भावाला लांब थांबायला सांगितलं. कुणी दबाव टाकला का, पैसे दिले का, कशावर सही केली ते वाचून दाखवलं का, सगळं विचारलं. ती माझ्याकडे पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच पाहत राहिली.

म्हणाली, "दबाव कशाचा? माझं नाव लागलं की. आता सोडलं. आधी सोडायला माझ्याकडं होतं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. ते बाईचं मोठं मन होतं, की गावाने, भावाने, सवयीने तिच्याकडून काढून घेतलेली सही होती? माझ्यातली वकील म्हणते हक्कसोड करून घेण्यासाठीच भावांनी तिचं नाव आधी लागू दिलं, झालं. माझ्यातली कुणीतरी दुसरी त्या वाक्यापाशी थांबते. ज्याचं काही होतं त्यालाच काही देता येतं. मी फक्त एवढं केलं की नोंद घाईने मंजूर करू नका, पंधरा दिवसांची नोटीस पूर्ण होऊ द्या असं मंडळ अधिकाऱ्याला सांगितलं. हरकत आली नाही.

तीन वर्षं झाली की बदली. कायद्यातच सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. आदेश शुक्रवारी आला, सोमवारी नव्या माणसाला कार्यभार द्यायचा होता. भाऊसाहेबांनी अपिलांची यादी आणली. चौदा प्रकरणं निकालावर बंद.

शनिवार-रविवार मी कार्यालयात बसले. नऊ आदेश लिहून झाले. ती प्रकरणं माझ्या आठवणीत जिवंत होती, समोरची माणसं दिसत होती, कुणी काय म्हटलं ते टिपणवहीत होतं. उरलेली पाच तशी नव्हती. त्यांतली तीन मी आठ महिन्यांपूर्वी ऐकली होती आणि मला पक्षकारांचे चेहरेही आठवेनात. कागद सगळे होते. मसुदे टंकून तयारच होते, भाषा बिनचूक.

रविवारी रात्री साडेदहाला मी त्या पाचही रोजनाम्यांवर हाताने लिहिलं: 'प्रकरण निकालावरून काढून पुन्हा युक्तिवादासाठी ठेवण्यात येते. उभय पक्षांस कळवावे.' सही केली, तारीख टाकली.

सोमवारी सकाळी कार्यभार देऊन बाहेर पडत होते. जिन्यात त्यांच्यापैकी एका प्रकरणातले जुने वकील भेटले. सत्तरीचे असतील. हातात नोटीस होती, अजून शाई वाळली नसावी.

"मॅडम," ते म्हणाले, "बंद झालं होतं हो प्रकरण. आता परत पहिल्यापासून?"

"हो," म्हटलं, "नव्या साहेबांना तुम्हालाच सांगावं लागेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला, नोटीस खिशात ठेवली आणि जिन्याने वर, सुनावणीच्या खोलीकडे, तारीख विचारायला निघून गेले.